चार आत, सहा बाहेर

घड्याळजीच्या दुकानात एकशे चौदा घड्याळं होती आणि त्यातल्या कुठल्याही दोघांचं आपसात पटत नव्हतं. एक सव्वादहा म्हणे, तर त्याच्या खांद्याला खांदा लावून टांगलेलं दुसरं ठासून पावणेतीन सांगे. गिऱ्हाइकाने विचारलं, "किती वाजले हो?" की घड्याळजी मान वळवून समोरच्या बेकरीच्या खिडकीत बघायचा आणि म्हणायचा, "बन निघाले. म्हणजे चार."

कान मात्र असा तिखट की विचारू नका. एकदा रस्त्याने एक गृहस्थ आपल्या नादात चालले होते. घड्याळजी आतूनच ओरडला, "साहेब, तुमच्या खिशातलं घड्याळ उद्या दुपारी बंद पडणार!" दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडलंच. गृहस्थ तणतणत आले. त्यांचं म्हणणं, ह्या माणसाने घड्याळाला दृष्ट लावली. घड्याळजीने ते उघडून चाकाचा झिजलेला दात दाखवला, तरी जाताना त्यांनी घड्याळ रुमालात गुंडाळून, त्याच्या नजरेआड धरूनच नेलं.

पण घड्याळ काही कानाने दुरुस्त होत नाही. त्याला डोळा लागतो. आणि ज्या उजव्या डोळ्यात चौतीस वर्षं भिंग अडकवलेलं होतं, तोच डोळा आता दुधात बुडवून काढल्यासारखा झाला होता. मोतीबिंदू. डावा डोळा असून नसल्यासारखा. जन्मापासून पाहुणा म्हणून येऊन चेहऱ्यावर बसलेला. दोन महिने घड्याळजी फक्त पट्टे आणि सेल बदलत होता. बारीक कामाची घड्याळं पुड्यांत बांधून खणात पडली होती. तेवीस पुड्या. खण उघडला की त्या त्याच्याकडे बघत, आणि त्याला त्या धड दिसतही नसत.

डोळ्याचे डॉक्टर मोजून बोलणारे होते. "अकरा वर्षांचा मधुमेह आहे तुम्हाला. उपाशीपोटी साखर दोनशे साठ. असल्या साखरेवर मी डोळ्याला हत्यार लावणार नाही. तीन आठवड्यांनी गुरुवारी सकाळी या. एकशेऐंशीच्या आत असेल तर त्याच दिवशी डोळा करू. नसेल, तर पुढची तारीख चार महिन्यांनी."

चार महिने! चार महिन्यांत तेवीस पुड्यांचे मालक तेवीस वाटांनी निघून गेले असते, आणि दुरुस्तीचं दुकान म्हणजे नुसतं पट्टे विकायचं दुकान होऊन बसलं असतं.

त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर साखरवाल्यांची खोली होती. तिथल्या सिस्टर बुटक्या, चटपटीत आणि समोरच्याच्या पोटातलं ओठांवर आणण्यात पटाईत. पाच मिनिटांत त्यांनी घड्याळजीकडून कबूल करून घेतलं की रोज चार वाजता समोरच्या बेकरीतून दोन साखरेचे बन येतात. पाहुणे आले तर तीन. आणि पाहुणे म्हणजे शेजारचा चष्मेवाला, जो स्वतः बन खात नाही.

"म्हणजे तिसराही तुम्हीच," सिस्टर म्हणाल्या. "काका, आता ऐका. मोह आला की लगेच उठायचं नाही. बसल्या जागी श्वास घ्यायचा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. दहा मिनिटं. मोहाशी भांडायचं नाही, त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं. तो येतो, फुगतो आणि उतरतो."

"मोजायचं कसं?" घड्याळजीने विचारलं.

"अहो, घड्याळजी तुम्ही, आणि मोजायचं कसं ते मला विचारता?"

बाकावरची सगळी माणसं हसली. घड्याळजीही हसला, आणि लाजेकाजेस्तव त्याने पुन्हा विचारलं नाही. घोटाळा झाला तो तिथेच.

निघताना सिस्टरनी आणखी एक बजावलं. "गोळ्या वाढवल्यात, तेव्हा सांभाळून. हाताला कापरं, ओठांना मुंग्या, चक्कर, घाम, असं काही झालं तर साखर खाली गेली असेल. मशीनवर बघायचं आणि तीन चमचे साखर तोंडात टाकायची. हयगय नको."

घड्याळजीच्या ध्यानात कापरं राहिलं, मुंग्या राहिल्या, तीन चमचे तर अगदी पक्के राहिले. मशीन राहिलं नाही. ते घरी बायकोच्या कपाटात असायचं आणि रोज सकाळी ती त्याचं बोट टोचून आकडा वहीत लिहायची. बोट टोचणं ही त्याच्या लेखी बायकोची बाब होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. बेकरीचं दार उघडलं, आणि लोणी, साखर, यीस्ट असा तिहेरी वास रस्ता ओलांडून, दुकानाची पायरी चढून, थेट घड्याळजीच्या नाकाशी येऊन उभा राहिला. जणू जुनं उधारीचं गिऱ्हाईक. घड्याळजीने खुर्चीचे हात घट्ट धरले. मग टेबलावरचं एक मनगटी घड्याळ उचलून कानाशी लावलं, आणि मोजायला लागला.

आता चावीचं मनगटी घड्याळ एका सेकंदात पाच वेळा टिकटिकतं. हे घड्याळजीला ठाऊक नसेल तर कोणाला? पण चौतीस वर्षं त्याच्या लेखी मोजणं म्हणजे टिकटिक मोजणं. गिऱ्हाईक बोलत असताना, जेवताना, सासऱ्यांच्या तेराव्याला बसलेला असतानासुद्धा त्याचं मन टिका मोजत असे. सेकंद हा हिशेब कारकुनांचा. घड्याळजीचा हिशेब टिकेचा. चार टिका आत, सहा टिका बाहेर. आणि माणूस कामाला प्रामाणिक, म्हणून प्रत्येक श्वास बेंबीच्या देठापासून.

लोहाराचा भाता काय चालेल! भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून दोन महिने पुढे गेलं. टेबलावरचा मोहरीएवढा स्क्रू उडाला, तो म्हणे चष्मेवाल्याच्या चहात सापडला, आणि त्याने तो चावून, चहावाल्याशी भांडून, मग परत आणून दिला. सहा-सात मिनिटांत घड्याळजीच्या ओठांना मुंग्या आल्या. बोटं वाकडी होऊन आखडली. डोकं हलकं झालं, दुकान गरगरलं, आणि एकशे चौदा घड्याळांनी आयुष्यात पहिल्यांदा एकच वेळ दाखवली.

"गेली!" घड्याळजी मनात ओरडला. "साखर खाली गेली!"

येताना घरून त्याने साखरेचा छोटा डबा आणला होता, माणूस सावध. थरथरत्या हाताने तीन चमचे तोंडात टाकले आणि चघळत टेबलाला धरून बसला. चघळायचं म्हणजे भाता बंद. पाच-दहा मिनिटांत मुंग्या गेल्या, दुकान जागच्या जागी आलं. आणि ह्या गडबडीत बनाची आठवणच राहिली नव्हती!

घड्याळजी थक्क झाला. काय विद्या आहे ही! नुसत्या श्वासाने अंगातली साखर जळून खाक होते, इतकी की वरून घालावी लागते. मग चार वाजायची वाट कशाला बघा? त्याने सकाळी दुकान उघडल्यावर एक बैठक सुरू केली, जेवणाआधी एक, चारला एक आणि दुकान बंद करताना एक. प्रत्येक बैठकीला मुंग्या, प्रत्येक वेळच्या मुंग्यांना तीन चमचे. दिवसाकाठी बारा चमचे साखर, आणि तीही पुण्य म्हणून.

घरी वहीत आकडे पडत होते. दोनशे एक्कावन्न. दोनशे अडुसष्ट. दोनशे चौऱ्याहत्तर.

"अहो," बायकोने सुईचं टोपण लावता लावता विचारलं, "खरं सांगा."

"बनाला हात लावला असेल तर हे हात झडतील."

"हातांचं नका सांगू. तोंडाचं सांगा."

"अगं, आठ दिवसांत बनाचा तुकडा नाही पोटात! विचार त्या बेकरीवाल्याला. तो मला रस्त्यात अडवून विचारतो, माझं काही चुकलं का म्हणून."

बायकोने वही मिटली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिने बेकरीवाल्याला आधीच विचारलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. भीती तिला त्याचीच वाटत होती. चोर सापडला असता तर बरं झालं असतं. चोरच नाही, आणि घर तर रोज रिकामं होतंय.

घड्याळजीचाही जीव टांगणीला लागला. डोळा दिवसागणिक दाटत होता. आता चष्मेवाला समोर उभा राहिला तरी त्याची ओळख खोकल्यावरून पटे. गुरुवार दहा दिवसांवर आला आणि साखर उतरायचं नाव घेईना. रात्रंदिवस एकच आकडा डोक्यात, एकशेऐंशी. त्याने मनाशी ठरवलं, आपला सराव कमी पडतोय. बैठका चाराच्या सहा केल्या.

म्हणजे अठरा चमचे.

मंगळवारी दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली. घड्याळजी नुकताच बैठकीवरून उठला होता. चेहरा पांढराफटक, ओठ थरथरत. तिने हातातला डबा ठेवला, रुमाल शोधायला खण ओढला, आणि तेवीस पुड्यांच्या मधोमध तिला साखरेचा डबा दिसला. आत चमचा. चमच्याला साखर चिकटलेली, ताजी.

तिने तो डबा तसाच उघडा त्याच्यासमोर ठेवला.

"ते औषध आहे," घड्याळजी म्हणाला.

दारात चष्मेवाला येऊन टेकला होता. "वहिनी, औषध असेल तर मलाही द्या चमचाभर. खोकला जात नाही."

"तुम्ही गप्प बसा हो!" बायकोचा आवाज फाटला. "अहो, लहान मुलंसुद्धा चोरून खाताना एवढं तोंड वर करून बोलत नाहीत. डोळा जायची वेळ आली, आणि तुम्ही खणात साखर लपवता? माझ्यापासून?"

"लपवत नाही! सिस्टरनीच सांगितलंय! चक्कर आली की तीन चमचे!"

"आणि चक्कर रोज येते?"

"रोज सहा वेळा."

बायकोने पदर खोचला. "चला. उठा. आत्ताच्या आत्ता सिस्टरसमोर हेच सांगायचं."

साखरवाल्यांच्या खोलीत सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, फक्त भुवया जवळ आल्या. "काका, माझ्यासमोर करून दाखवा."

घड्याळजी ताठ बसला. मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी लावलं. आणि भाता सुरू झाला. सिस्टरच्या टेबलावरचे कागद उठले. बाकावरच्या म्हाताऱ्याने आपली टोपी धरली. पाच मिनिटांत घड्याळजीचे ओठ पांढरे पडले, बोटं आखडली.

"आ... आली," तो पुटपुटला. "सिस्टर, खाली गेली. साखर!"

सिस्टरनी त्याचं आखडलेलं बोट सरळ केलं आणि टोचलं. मशीन टुकटुकलं. त्यांनी ते त्याच्या डाव्या डोळ्यासमोर धरलं, मग लक्षात येऊन मोठ्याने वाचलं, "दोनशे शहाण्णव."

"मशीन पुढे पळतंय," घड्याळजी म्हणाला. "उघडून बघायला हवं."

"मशीनला काही झालेलं नाही!" बायको म्हणाली. "दुरुस्तीला आलंय ते तुमचं डोकं."

सिस्टरनी त्याच्या हातातलं घड्याळ घेऊन स्वतःच्या कानाला लावलं. थोडा वेळ ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही ह्या आवाजावर मोजता?"

घड्याळजीने मान हलवली, आणि मान हलता हलताच थांबली. पाच टिकांचा एक सेकंद. चार टिका म्हणजे पुरता एक सेकंदही नाही. एक श्वास दोन सेकंदांचा, मिनिटाला तीस. दहा दिवस. तो हिशेब त्याच्या चेहऱ्यावर उतरताना सगळ्या खोलीला दिसला.

"असा घाईघाईने आणि खोल श्वास घेतला," सिस्टर सांगत होत्या, "की धडधाकट माणसालाही मुंग्या येतात, गरगरतं. साखर खाली गेल्यावर होतं त्यातलं बरंचसं होतं. पण साखर जागच्या जागी असते. आणि वर तुम्ही चमचे घालत होतात."

"म्हणजे मी," घड्याळजीचा आवाज खोल गेला, "नेमाने, रोज..."

"हो."

बायकोने तोंडाला पदर लावला. ती रडतेय असं वाटून घड्याळजी कासावीस झाला, आणि मग दिसलं की ती हसतेय, आणि मग दिसलं की दोन्ही.

सिस्टरनी हात आडवा धरून सावकाश वर नेला आणि त्याहून सावकाश खाली आणला. "एवढा वेळ आत. एवढा वेळ बाहेर. घड्याळाशिवाय. पोट हलू दे, छाती नको. आणि मशीन आता तुमच्या खिशात. भीती वाटली की आधी बोट. खरंच खाली असेल तर साखर. बोट टोचल्याशिवाय एक कण नाही."

"नऊ दिवस उरलेत, सिस्टर. जमेल?"

सिस्टरनी खोटं सांगितलं नाही. "बघू," म्हणाल्या.

सावकाश श्वास घेणं म्हणजे घड्याळजीला शिक्षा होती. टिक नाही म्हणजे धरायला काठी नाही. चार वाजता वास आला, तो खुर्चीत बसला, श्वास आत घेतला, आणि तेवढ्या वेळात मन बेकरीत जाऊन दोन बन खाऊन परत आलं. मग चार महिने आठवले. पुड्या आठवल्या. उद्या डोळाच गेला तर, हे आठवलं. श्वास वर वर सरकायला लागला. पुन्हा पोटाशी आणला. मोहाकडे नुसतं बघायचं म्हणे! मोह काही पाहुण्यासारखा दारात बसून राहत नव्हता; तो जिभेखाली पाणी होऊन यायचा, गुडघ्यात उठायची घाई होऊन यायचा. घड्याळजीने त्या गुडघ्यांकडे बघितलं. बघता बघता कधीतरी ते ढिले पडले. बाहेर बेकरीवाला रिकामे ट्रे आत नेत होता.

तिसऱ्या दिवशी त्याचं चुकलं. एक गिऱ्हाईक आपली पुडी परत मागायला आलं. "होणार नसेल तर तसं सांगा, दुसरीकडे देतो." ते गेलं आणि घड्याळजीचे पाय आपोआप रस्ता ओलांडून गेले. बेकरीच्या दारात मात्र त्याला आठवण झाली, आणि दाराच्या मुठीला धरून तो तिथेच श्वास घ्यायला लागला. डोळे मिटून.

"आत या नाहीतर बाहेर व्हा," बेकरीवाला म्हणाला. "दार उघडं राहिलं की माशा येतात."

घड्याळजी आत गेला. उभ्या उभ्या दोन बन खाल्ले. चव लागली नाही, हे त्याचं दुर्दैव.

त्या संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्याने सांगून टाकलं. "दोन खाल्ले." बायकोने वहीत 'दोन बन' एवढंच लिहिलं. टाकून बोलली नाही. त्याला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

पण त्यानंतर नाही चुकला. दोनशे एकतीस. दोनशे चौदा. दोनशे एकोणीस, ते त्या बनांचं. मग दोनशे दोन, एकशे शहाण्णव. बुधवारी सकाळी बायकोने मशीन खिडकीच्या उजेडात नेलं आणि तिथूनच सांगितलं, "एकशे चौऱ्याऐंशी."

चार जास्त! एवढा डोंगर उतरून आला आणि पायथ्याशी चार पायऱ्या राहिल्या. बुधवारचा दिवस घड्याळजीने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. दर तासाला तो खिशातल्या मशीनला हात लावायचा, न टोचता परत ठेवायचा.

दवाखान्याने कागदावर लिहून दिलं होतं. गुरुवारी उपाशीपोटी यायचं. मधुमेहाची गोळी सकाळी घ्यायची नाही. बरोबर आणायची, शस्त्रक्रियेनंतर जेवताना घ्यायची. बायकोने ते दोनदा वाचून दाखवलं होतं.

गुरुवारी सकाळी ती आंघोळीला गेली असताना घड्याळजी गोळ्यांच्या पाकिटासमोर उभा राहिला. श्वासबिस काही आठवला नाही. चार आकडे, एवढंच डोक्यात. एक गोळी घेतली. मग, खात्रीसाठी, दुसरी. पाकीट पालथं ठेवलं, म्हणजे रिकाम्या जागा दिसू नयेत.

आठ वाजता वरच्या मजल्यावर सिस्टरच मशीन घेऊन फिरत होत्या. त्यांनी त्याचं बोट टोचलं. "एकशे एकेचाळीस! काका, शाब्बास!"

बायकोने हात जोडले. घड्याळजीने मान खाली घातली, लोकांना वाटलं नम्रता. उजव्या डोळ्यात थेंब घातले, कपाळावर चिकटपट्टी लावली, हिरवा झगा चढवला. यादीत त्याचा नंबर पाचवा.

बाकावर बसून तास झाला. दोघं आत जाऊन आले. तिसरा आत होता. साडेनऊच्या सुमाराला घड्याळजीच्या बोटांना बारीक कापरं भरलं.

भीती, त्याने स्वतःला सांगितलं. डोळ्यात हत्यार जायचं म्हणजे भीती वाटणारच. त्याने पाठ टेकली, हात पोटावर ठेवला. सावकाश आत. त्याहून सावकाश बाहेर. भीती होतीच, मोठी, थंड, छातीवर बसलेली. तिच्याकडे तो बघत राहिला. वीस श्वास. पंचवीस. आणि भीती खरंच उतरली. छाती मोकळी झाली. मन इतकं शांत झालं की आतल्या खोलीतला चिमटा ताटलीत ठेवल्याचा आवाजसुद्धा वेगळा ऐकू आला.

कापरं मात्र होतं तिथेच.

मानेमागे घाम फुटला होता, गार. श्वास तर संथ होता. भात्याचा दोष नाही. भीती उतरलेली, तिचाही दोष नाही. मग उरलं ते एकच. घड्याळ बिघडलं की एकेक चाक वगळत जायचं असतं, आणि शेवटी जे उरतं तिथे दोष असतो. हे त्याला चौतीस वर्षं माहीत होतं. साखर खरंच खाली चालली होती.

मशीन झगा घालताना बायकोकडे दिलेलं. मागितलं तर ती विचारणार. सिस्टरना सांगितलं तर त्या विचारणार. आणि कारण कळलं की डॉक्टर यादीवर आडवी रेघ मारणार, चार महिन्यांची. तिसरा पेशंट बाहेर आला, चौथा आत गेला. आता फक्त एक जण. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं दात आवळून बसलं की झालं! दहा दिवस खोटी चक्कर सोसली, मग ही खरी पंधरा मिनिटं नाही सोसता येणार?

तोंड बंद ठेवायचा मोह बनाच्या मोहापेक्षा मोठा होता. त्याला वासही नव्हता.

घड्याळजीने एक श्वास घेतला. आत जाताना तो थरथरला. बाहेर सोडताना त्या श्वासाबरोबरच शब्द निघाले.

"अगं, मी गोळ्या घेतल्या सकाळी. दोन."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं, त्याच्या कपाळावरचा घाम बघितला, आणि मग "सिस्टर!" अशी हाक मारली की आतल्या टेबलावरचा पेशंटही म्हणे 'ओ' देऊन उठायला लागला.

"चोपन्न," सिस्टरनी वाचलं. ग्लुकोजचं पाणी आलं. घड्याळजी ते दोन हातांनी धरून प्यायला, तरी अर्धं झग्यावर सांडलं. सिस्टर त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. "काका, आज मशीनवर बघितल्याशिवाय कसं ओळखलंत?"

"भीती गेली तरी हात थांबेना," तो म्हणाला.

डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले. सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा बघून बायकोच उठून उभी राहिली. "गाढवपणा झाला, डॉक्टर. माझंही लक्ष नव्हतं."

"टेबलावर, डोळ्यात माझं हत्यार असताना हे बेशुद्ध पडले असते म्हणजे? डोळाच गेला असता." डॉक्टरांनी घड्याळजीकडे रोखून पाहिलं. "आणि न सांगता बसून राहिला असतात, तर आम्हाला टेबलावरच कळलं असतं."

घड्याळजी यादीवर रेघ कधी पडते याची वाट बघत होता.

डॉक्टर सिस्टरशी बाजूला जाऊन बोलले. मग खालच्या साखरवाल्या डॉक्टरांना फोन केला. घड्याळजीला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही, आणि त्याच्या कानांच्या इतिहासात ही पहिली वेळ.

"शेवटचा नंबर," डॉक्टर परत येऊन म्हणाले. "सिस्टर सांगतील ते थोडंसं खायचं. दर अर्ध्या तासाने साखर बघायची. पुन्हा खाली गेली तर आज नाही. एकशेऐंशीच्या वर गेली तरी नाही."

मग सुरू झालं ते बसणं. दोन कोरडी बिस्किटं, अर्धा कप दूध. एकशे दोन. बाकावरची माणसं एकेक करून पट्टी बांधून घरी गेली. एकशे एकोणचाळीस. बायको पाकिटातल्या गोळ्या मोजून मोजून पुन्हा मोजत होती. एकशे चौसष्ट. दर अर्ध्या तासाने आकडा वर चढत होता, आणि प्रत्येक आकड्याबरोबर बायकोची मूठ त्याच्या झग्याच्या बाहीवर आवळली जात होती. घड्याळजी पोटावर हात ठेवून बसला होता. सावकाश आत. सावकाश बाहेर. साखर त्याने उतरणार नाही, हे त्याला आता माहीत होतं. पण बाकावरून उठून पळून जायची पायांची घाई उतरत होती, आणि आज तेवढंच त्याच्या हातात होतं.

एक वाजता सिस्टरनी शेवटचं बोट टोचलं. मशीन विचार करत राहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"एकशे एकाहत्तर."

"चला," डॉक्टर आतून म्हणाले.

टेबलावर निजवलं. चेहऱ्यावर हिरवं कापड आलं, उजव्या डोळ्यापुरतं भोक ठेवून. वर दिवा लागला. डॉक्टरांनी त्याच्या मनगटाला बोटं लावली आणि म्हणाले, "हात थरथरतोय. काय होतंय? खरं सांगा हं."

घड्याळजीने आत पाहिलं. घाई केली नाही.

"ही साखर नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "ही नुसती भीती आहे. तुम्ही करा सुरू."